आरएल प्लॉट, मार्चचा हप्ता आणि निवडणुकीचे वर्ष

(वाचकांचे प्रश्न : अर्थकारण)

राज्याच्या कर्जावरील मागील टिपणानंतर नागपूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये मिळतात. माझे धाकटे दीर म्हणतात की ही उघडउघड मतांची खरेदी आहे. मला तसे म्हणवत नाही, कारण त्या पैशातून मावशींनी नातीला चष्मा करून दिलेला मी पाहिला आहे. पण अशा योजना सरकारला नेमक्या निवडणुकीच्या तोंडावरच का सुचतात, हे मात्र कळत नाही. (निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपल्या दिरांचा आरोप कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने मतासाठी दिलेला पैसा किंवा वस्तू हे भ्रष्ट आचरण ठरते. परंतु पक्षाने जाहीरनाम्यात दिलेले आश्वासन, आणि सत्तेवर आल्यावर विधिमंडळाच्या मंजुरीने केलेले वाटप, या व्याख्येत बसत नाही. तामिळनाडूतील रंगीत दूरचित्रवाणी संच आणि मिक्सर-ग्राइंडरच्या वाटपाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हाच निर्णय दिला, आणि जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास निवडणूक आयोगाला सांगून विषय तेथे थांबवला.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. योजना २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली, त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेपूर्वीच एकत्र देण्यात आले, म्हणजे मतदानाला जाण्याआधी पाच महिन्यांचे पैसे खात्यात पोहोचले होते. विरोधकांनी यावर योजना रद्द करण्याची भाषा केली नाही. त्यांनी ३००० रुपयांचे आश्वासन दिले, सत्ताधाऱ्यांनी २१०० चे, आणि योजना असावी की नसावी हा वाद बाजूला पडून केवळ आकड्यांचा लिलाव उरला.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाऊस यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, मतदाराला अलीकडचे अधिक आठवते हे ठाऊक असल्यामुळे सरकार सुखद निर्णय मतदानाच्या अलीकडे आणि कटू निर्णय पलीकडे ठेवते. भारतातील राज्यांविषयी स्तुती खेमानी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष थोडा निराळा होता : निवडणूक वर्षात सर्वांवर पैसा उधळला जात नव्हता, तर निवडक गटांना करसवलती मिळत होत्या आणि रस्त्यांसारख्या कामांना वेग येत होता. माझ्या मते त्यानंतर जो मोठा बदल झाला तो नेत्यांच्या स्वभावात नसून साधनांत आहे. बँक खाते, आधार आणि मोबाइल यांची जोडणी झाल्यावर दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात एकाच आठवड्यात रक्कम टाकणे शक्य झाले. पूर्वी हे काम गावपुढाऱ्यांच्या साखळीतून करावे लागत असे, आणि त्या साखळीत प्रत्येक कडी आपला वाटा कापून घेत असे. मधला दलाल गेला ही चांगलीच गोष्ट आहे, आणि आपल्या मावशींचा पैसा त्यांच्याच नावच्या खात्यात येतो ही त्याहून चांगली.

खटकते ते पुढचे. वर्षाला सुमारे ४६ हजार कोटींच्या अपेक्षेने सुरू झालेल्या योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवण्यात आले, आणि जून २०२५ पासून सुमारे २६ लाख लाभार्थींचे हप्ते पात्रतेच्या छाननीसाठी थांबवले गेले. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, ही अट पहिल्या दिवसापासून होती. ती तपासायला सरकारला एक वर्ष आणि एक निवडणूक लागली, आणि अर्ज स्वीकारताना दाखवलेली उदारता मतदानानंतर कडक शिस्तीत बदलली. योजना देण्यापेक्षा हा क्रम मला अधिक आक्षेपार्ह वाटतो. शिवाय पैसा कोठून तरी यावाच लागतो : २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. वसतिगृहातल्या मुलाला आपले पैसे कोणाकडे गेले ते दिसत नाही, मावशींना मात्र आपल्याला कोणी दिले ते मोबाइलवर दिसते.

जाता जाता एक गोष्ट, राग मानू नये. आपले निवृत्तिवेतनही याच तिजोरीतून येते, आणि त्याला कोणी ‘रेवडी’ म्हणत नाही. ते आपण सेवा करून मिळवले आहे हे खरे. पण एखाद्या खर्चाला हक्क म्हणायचे की खिरापत, हे पुष्कळदा घेणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ठरते, एवढे आपल्या दिरांना जरूर सांगावे.

प्रश्न : माझी साडेसहा एकर शेती आहे, थोडा संत्रा, बाकी कापूस आणि सोयाबीन. मी दरवर्षी सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरतो. शेजारी भरत नाही, आणि दोनदा माफ झाले ते त्याचेच. आता ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय होणार म्हणतात. यंदा मीही थांबावे काय? घरात यावरून रोज वाद आहे. (शेतकरी, काटोल तालुका)

उत्तर : आपला वाद घरातला असला तरी त्याची मुळे घराबाहेर आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी जुने हिशेब पाहू. केंद्राने २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेले कर्ज पात्र ठरले. लोकसभा निवडणूक पुढच्या वर्षी होती. त्या योजनेत दोन हेक्टरची मर्यादा होती. ओलिताच्या प्रदेशात दोन हेक्टरवाला सुखवस्तू असू शकतो, आणि विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीत सात एकरवालाही कफल्लक असू शकतो. परंतु मर्यादेवरच्यांना एकरकमी परतफेड केल्यास २५ टक्के सवलत एवढेच मिळाले, आणि ज्या भागातील आत्महत्यांचे दाखले देऊन योजना आणली गेली त्या भागातले कितीतरी शेतकरी तिच्याबाहेर राहिले. राज्याने २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची माफी दिली. डिसेंबर २०१९ मध्ये येथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर झाली आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबर २०१९ रोजीची थकबाकी धरण्यात आली. नियमित भरणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये २५ हजारांपर्यंतचे आणि २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन अनुदान ठरले, आणि पन्नास हजारांचे ते अनुदान प्रत्यक्ष पदरात पडायला किती काळ गेला, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

यातील मेख तारखेत आहे. पात्रतेची तारीख घोषणेच्या मागे ठेवली जाते, कारण पुढे ठेवली तर सगळेच हप्ता थांबवतील. त्यामुळे घोषणा ऐकून थांबणाऱ्याला काही मिळत नाही. मिळते ते घोषणेचा वास आधीच घेऊन थांबणाऱ्याला. आपला शेजारी आळशी नसावा, तो तारखा वाचायला शिकला आहे. २००८ च्या माफीनंतरच्या परतफेडीचा झेव्हियर जिने आणि मार्टिन कान्झ यांनी केलेला अभ्यास हेच दाखवतो : माफीनंतर परतफेडीची शिस्त सुधारली नाही, आणि कर्ज थकण्याचे प्रमाण निवडणुकांच्या वेळापत्रकाशी पूर्वीपेक्षा अधिक जोडले गेले. बँकांच्या बाजूनेही तेच आहे. शॉन कोल यांना असे आढळले की, सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ निवडणूक वर्षात ५ ते १० टक्के अंकांनी अधिक असते, विशेषतः जेथे लढत चुरशीची असते तेथे, आणि त्या वाढीव कर्जामुळे पीक मात्र वाढलेले दिसत नाही.

२०२४ नंतरची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. सत्ताधाऱ्यांनी २०२४ च्या प्रचारात कर्जमाफीचे आश्वासन दिले; मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनीच ‘३१ मार्चच्या आत हप्ते भरा’ असे जाहीरपणे सांगितले; ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूर-वर्धा मार्ग रोखला, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे ठरले. म्हणजे सरकारने आठ महिने आधीच तारीख सांगून ठेवली, आणि मध्ये एक मार्चअखेर येऊ दिली. यापेक्षा मोठे आमंत्रण थकबाकीदाराला कोणते असणार?

आपला व्यवहार आपण पाहावा, पण माझे मत विचारलेच आहे तर सांगतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येते. हप्ता चुकला की ही सवलत नक्की जाते, खरिपाचे नवे कर्ज अडते आणि बियाण्यासाठी खासगी सावकाराकडे जावे लागते, तर माफी मिळण्याची केवळ शक्यता असते, आणि तीही पात्रतेची तारीख मार्चअखेरच्या पुढे पडली तरच. दोन लाखांच्या आतील कर्ज आणि घरात दुसरे उत्पन्न असेल तर थांबणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण ज्याची खरिपाची सगळी उभारणी सोसायटीच्या कर्जावर आहे, त्याने भरावे.

प्रश्न : निवडणूक संपली की पेट्रोल वाढते असे आम्ही सगळे ऑटोवाले म्हणतो. खरे आहे काय? (ऑटोचालक, सीताबर्डी)

उत्तर : कधी खरे, कधी नाही. दर रोज बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे, पण ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ या साडेचार महिन्यांत सरकारी कंपन्यांनी दर हलवलेच नाहीत. त्याच काळात युक्रेनचे युद्ध सुरू झाले, कच्चे तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर गेले, आणि उत्तर प्रदेशासह पाच राज्यांत मतदान होते. निकाल १० मार्चला लागले, २२ मार्चपासून वाढ सुरू झाली आणि पंधरवड्यात लिटरला १० रुपये चढले. उलट मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर दोन रुपये कमी झाले आणि निकालानंतर ते परत चढवले गेले नाहीत, कारण बाहेरच तेल नरम होते.

आपल्या भागाला याहून जवळचे उदाहरण सोयाबीनचे आहे. लोकसभेच्या आधी शहरी ग्राहकाचा राग टाळायचा म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, आणि खाद्यतेलाचे आयातशुल्कही खालीच ठेवले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या दोन महिने आधी, कांद्याचे निर्यातशुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले आणि खाद्यतेलाचे शुल्क एकदम वीस टक्के अंकांनी वाढवले गेले, कारण आता सोयाबीन आणि कांदा पिकवणाऱ्यांच्या मतांची पाळी होती. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क पुन्हा अर्धे झाले. शेतकरी पेरणी करतो तेव्हाचे धोरण आणि माल विकतो तेव्हाचे धोरण एक नसते.

प्रश्न : हुडकेश्वरच्या पुढे एक प्लॉट पाहिला आहे. आरएल नाही. दलाल म्हणतो, ‘काळजी करू नका दादा, आजवर सगळे नियमित झाले, हेही होईल.’ शहरातल्या मंजूर प्लॉटच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळतो आहे. घ्यावा काय? (खासगी कंपनीतील कर्मचारी, मानेवाडा)

उत्तर : दलाल खोटे बोलत नाही, आणि तीच पंचाईत आहे.

नागपूरकराला ‘आरएल’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, तरी बाहेरच्या वाचकांसाठी : शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अभिन्यासातील (लेआउटमधील) प्लॉट विकास शुल्क भरून घेऊन नियमित केल्याचे जे पत्र मिळते, ते आरएल. शहराच्या दक्षिण आणि पूर्व अंगाचा फार मोठा भाग अशाच अभिन्यासांतून वाढला. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे अशा अभिन्यासांच्या संख्येवरून आलेले शब्दप्रयोग येथे गल्लीच्या नावांइतके रुळलेले आहेत. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला, तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधणी पात्र ठरवली. ही शेवटची संधी, असाच तेव्हाचा सूर होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. जो वीस वर्षे थांबला त्याचेही काम झाले.

फिन किडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेला मुद्दा येथे चपखल बसतो. पूररेषेत घर बांधू नका, बांधल्यास बांध घालून मिळणार नाही, असे सरकारने सांगितले तरी लोकांना कळते की, एकदा हजार घरे उभी राहिली की सरकारला बांध घालावाच लागेल. म्हणून लोक घरे बांधतात, आणि बांध घातला जातो. हजार घरांत तीन हजार मते असतात. ती पाडण्याची हिंमत कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकात नसते, आणि खरे सांगायचे तर ती नसावी असेच मलाही वाटते, कारण तेथे राहणाऱ्याने आयुष्याची बचत ओतलेली असते. दोष त्याच्याकडे पहिल्यांदा जात नाही. मंजूर अभिन्यासातला प्लॉट मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेला, मंजुरीची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली, आणि या दोन्हींच्या फटीत दलालांचा धंदा बसला. ज्याने शेत स्वस्तात घेऊन प्लॉट पाडले तो नफा घेऊन निघून गेलेला असतो. त्याला नियमितीकरणाची फिकीर नसते, आणि निवडणुकीत पैसा लावणाऱ्यांत तो हमखास असतो.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, आरएल कधीतरी मिळेलही, पण निम्म्या भावात आपण प्लॉट घेत नाही, तर प्लॉट आणि अनिश्चित प्रतीक्षा मिळून घेता. त्या काळात गृहकर्ज मिळणे कठीण, नकाशा मंजूर होत नाही, रस्ता आणि मलनिस्सारण वाहिनी यांसाठी हात जोडावे लागतात, आणि विकास शुल्क शेवटी भरावे लागतेच. आणखी एक तपासावे : जमीन विकास आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे. शाळा, मैदान किंवा रस्त्याच्या आरक्षणावरचा तुकडा असेल, तर तेथे निवडणुका कितीही आल्या तरी दलालाचे आश्वासन कामाचे नाही. आराखड्याचा भाग-नकाशा आणि सातबारा हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

प्रश्न : मी लहान कंत्राटदार आहे. रस्त्याचे एक काम पूर्ण करून सव्वा वर्ष झाले, अजून बिल निघाले नाही. विभागात गेले की ‘निधी आला नाही’ म्हणतात. आणि निवडणूक लागली की हीच मंडळी वर्गणीसाठी निरोप पाठवतात. कामाला पैसा नव्हता तर काम काढले कशाला? (कंत्राटदार, नागपूर)

उत्तर : काम काढण्यातच लाभ होता, म्हणून. भूमिपूजनाचा फलक, नारळ आणि छायाचित्र यांसाठी प्रशासकीय मान्यता पुरते. पूर्ण निधी लागत नाही. अर्थसंकल्पात त्या कामापुढे ‘टोकन तरतूद’, म्हणजे नाममात्र रक्कम, टाकायची, कार्यादेश द्यायचा, आणि उरलेले पुरवणी मागण्यांवर, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागायच्या जादा निधीवर, सोडायचे, ही रीत जुनी आहे. एक रस्ता पूर्ण करण्यापेक्षा दहा रस्ते सुरू करण्यात दहा वस्त्यांची मते असतात. याचे अतिभव्य रूप पाहायचे असेल तर गोसीखुर्द धरण पाहावे : १९८८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा ३७२ कोटींचा अंदाज होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. आणि ज्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, म्हणजे नाल्यांचा गाळ, जुन्या तलावाच्या सांडव्याची डागडुजी, त्याची आठवण २३ सप्टेंबर २०२३ सारख्या पहाटे येते, जेव्हा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत छातीइतके पाणी शिरलेले असते.

जुलै २०२४ च्या अधिवेशनात सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, आणि त्यांतील २५ हजार कोटी एकट्या लाडक्या बहिणींसाठी होते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही. खात्यात जाणारा हप्ता थांबवला तर ओरड होते. मग थांबते ते कंत्राटदाराचे बिल. २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदारांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, त्यामागे हेच होते. राज्यावर ९ लाख कोटींहून अधिक कर्ज असले तरी ते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) २० टक्क्यांच्या आत आहे, असे सरकार सांगते, आणि तो हिशेब चुकीचा नाही. फक्त त्या हिशेबात आपले न निघालेले बिल कर्ज म्हणून धरलेले नसते.

वर्गणीचे सांगायचे तर, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मात्र मर्यादाच नाही. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, आणि ती १९८५ मध्ये उठेपर्यंत रोखीची सवय पक्की झाली होती. २०१७ मध्ये कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा काढून टाकली, पुढच्या वर्षी निवडणूक रोखे आले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. देणाऱ्यांची यादी बाहेर आली तेव्हा तीत रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपन्या ठळक होत्या. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी तर असे दाखवले आहे की, राज्यात निवडणूक असलेल्या महिन्यात सिमेंटचा खप घटतो, कारण बांधकामवाल्यांची रोकड त्या काळात इमारतीऐवजी उमेदवाराकडे फिरते. मोठा ठेकेदार हा पैसा पुढच्या कामांच्या दरात वसूल करतो. आपल्यासारख्याला ती सोय नाही. आपण टक्केवारीही देता आणि बिलासाठी चपलाही झिजवता.

पुढच्या निविदेआधी एवढे करावे : कामाचे लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातील खर्चाचे खाते) विचारून घ्यावे आणि चालू वर्षाच्या अर्थसंकल्पात त्यापुढे किती रक्कम आहे ते पाहावे. ती अंदाजपत्रकाच्या पाव हिश्शापेक्षा कमी असेल, तर ते काम आपल्या भांडवलावर चालणार आहे असे समजून दर भरावा, किंवा भरूच नये. अडकलेल्या बिलासाठी मोजमाप पुस्तिकेतील नोंदीची आणि देयक सादर केल्याच्या पावतीची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात आजच मागून ठेवावी, कारण त्या टेबलावरचा अभियंता पुढच्या बदल्यांत तेथे असेलच असे नाही.